एक कोटी साठ लाख जोड्या

इंटेलचा प्रोसेसर असलेला विंडोजचा कॉम्प्युटर हाताशी असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्यात 'सिस्टीम डिव्हाइसेस' या मथळ्याखाली चिपसेटच्या नोंदी असतात. एकेकीवर जाऊन ड्रायव्हरची, म्हणजे विंडोज आणि तो यंत्रभाग यांची गाठ घालून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, तारीख बघा. पुष्कळ मशीनवर त्यातल्या कुठल्या ना कुठल्या नोंदीपुढे १८ जुलै १९६८ ही तारीख सापडते, मग मशीन गेल्या दिवाळीत का घेतलेलं असेना. १९६८ साली विंडोज नव्हतं, मायक्रोसॉफ्ट नव्हती, घरात कॉम्प्युटर असू शकतो ही कल्पनाही फार थोड्यांच्या डोक्यात होती. बिल गेट्स बारा वर्षांचा होता. त्या दिवशी घडलं ते एवढंच, की इंटेल नावाची कंपनी स्थापन झाली.

ही चूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. चिपसेटच्या या ड्रायव्हर फायलींमध्ये काम करणारा कोड जवळजवळ नसतोच. 'मदरबोर्डवरचा हा तुकडा अमुक आहे' एवढं त्या विंडोजला सांगतात. खरं काम करणारा दुसरा ड्रायव्हर आला तर त्याच्या वाटेत आपण येऊ नये, म्हणून इंटेलने त्यांना शक्य तितकी जुनी तारीख दिली, आणि देताना आपला वाढदिवसही साजरा करून घेतला. मायक्रोसॉफ्टनेही तेच केलं. विंडोजसोबत येणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या बहुतेक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ अशी तारीख असते, विंडोजची आवृत्ती कितीही नवी असली तरी. पूर्वी त्यांच्यावर खरी तारीख असायची. त्यामुळे विंडोजची नवी आवृत्ती टाकली की आतला सर्वसाधारण ड्रायव्हर 'मी नवा' म्हणून उत्पादकाचा खास ड्रायव्हर बाजूला सारायचा. त्यावर उपाय म्हणून आपलेच ड्रायव्हर कायमचे २००६ सालात बसवून टाकले.

तेव्हा 'तुमचे ड्रायव्हर कालबाह्य झाले आहेत' असं सांगत लाल अक्षरांत भलामोठा आकडा दाखवणारी, आणि दुरुस्तीसाठी पैसे मागणारी सॉफ्टवेअर दिसली, तर हा १९६८चा दाखला आठवावा. नुसती तारीख बघून ड्रायव्हर म्हातारा ठरवता येत नाही.

मुळात कुठल्या यंत्रभागाला कुठला ड्रायव्हर, हे विंडोज ठरवतं कसं? नावावरून नाही, नंबरावरून. मदरबोर्डच्या पीसीआय जोडणीवर बसलेल्या प्रत्येक भागाच्या अंगावर चार नंबर कोरलेले असतात: बनवणाऱ्या कंपनीचा, त्या वस्तूचा, ज्या कंपनीच्या कार्डात किंवा लॅपटॉपमध्ये ती बसली तिचा, आणि त्या कंपनीने दिलेला मॉडेलचा. प्रत्येक नंबर १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांचा. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ हा नंबर घेतला. १९७८ सालच्या ज्या प्रोसेसरपासून आजच्या पीसीचं घराणं सुरू झालं, त्याचं नाव तेच होतं. पहिले दोन नंबर धरले तर ४२९ कोटींवर वेगवेगळ्या ओळखी तयार होतात. चारही धरले तर आकडा येतो १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. पृथ्वीवरच्या आठशे कोटी माणसांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला २३० कोटी ओळखी येतील. अर्थात यातला अगदी नगण्य भाग वापरात आहे. पण हा आकडा कागदावरचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण विंडोजला प्रत्येक वेळी याच अफाट पटावर नेमकं एक घर शोधायचं असतं. आधी नंबर किती नेमका जुळतो ते बघायचं, बरोबरी झाली तर तारीख, तीही सारखी निघाली तर आवृत्तीचा क्रमांक.

या आवृत्तीच्या क्रमांकातही गंमत आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डापुढे डिव्हाइस मॅनेजर ३२.०.१५.६०९४ असं काहीतरी दाखवतो आणि कंपनी मात्र त्याच ड्रायव्हरला ५६०.९४ म्हणते. टिंबं पुसून शेवटचे पाच अंक घ्या, कोडं सुटतं.

आता शक्यता सोडून प्रत्यक्षात असलेल्या गोष्टींकडे येऊ. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक हिशोब जाहीर केला होता. तेव्हा विंडोज १० चालवणारी यंत्रं होती ७० कोटींहून जास्त. त्यांच्यावर साडेतीन कोटी वेगवेगळे प्रोग्राम होते आणि त्या प्रोग्रामांच्या साडेसतरा कोटींवर आवृत्त्या. आणि यंत्रभाग व त्याचा ड्रायव्हर अशा एकमेकींपासून वेगळ्या जोड्या भरल्या १ कोटी ६० लाख.

हा आकडा नीट पचवायला हवा. यात एकूण कॉम्प्युटर मोजलेले नाहीत, जोड्यांचे प्रकार मोजले आहेत. शिवाय एका मशीनमध्ये अशी एकच जोडी नसते. ग्राफिक्स, आवाज, वायफाय, ब्लूटूथ, टचपॅड, कॅमेरा, स्टोरेज, प्रिंटर असे दहा भाग धरा, आणि प्रत्येकाच्या ड्रायव्हरच्या फक्त पाच आवृत्त्या वापरात आहेत असं माना. अगदी एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये ड्रायव्हरांचे संच होतात पाचाचा दहावा घात, म्हणजे ९७,६५,६२५. एकेक संच दहा मिनिटं तपासायचा ठरवला तर एका माणसाला, झोप आणि जेवण वगळून, १८५ वर्षं लागतील. आज संपायला आलेली तपासणी त्याने इंग्रज राज्यात, मुंबईहून पहिली आगगाडी सुटण्याआधी, सुरू केलेली असायला हवी. आणि हे एका मॉडेलचं.

म्हणजे तुमच्या टेबलावर जो संच आहे, नेमका तोच संच जगात कुणी तपासला असण्याची शक्यता फार कमी. अपडेटचं बटण दाबता तेव्हा तुम्ही ग्राहक असता आणि परीक्षकही. हे कुणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही इतकंच.

ड्रायव्हरचं पोट किती मोठं असतं याचा अंदाज विंडोजवरून येत नाही, कारण तिथला कोड बंद पेटीत असतो. लिनक्समध्ये तो उघडा आहे, मोजता येतो. सप्टेंबर १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने पहिल्यांदा इंटरनेटवर ठेवलेल्या लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, सुमारे १०,००० ओळी होत्या. २०२५च्या सुरुवातीला त्या चार कोटींवर गेल्या. यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. स्मृती वाटून देणं, कामांच्या पाळ्या लावणं, फायली सांभाळणं ही ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती मंडळी उरलेल्या जागेत दाटीवाटीने राहतात. एकट्या एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांचा ड्रायव्हर ५० लाख ओळींच्या पुढे गेला आहे. महाभारताचे एक लाख श्लोक, प्रत्येकाच्या दोन ओळी, असा हिशोब केला तर एका कंपनीच्या एका प्रकारच्या कार्डांसाठी पंचवीस महाभारतं झाली. खरं सांगायचं तर यातला मोठा हिस्सा कुणी बसून लिहिलेला नाही. चिपमधल्या प्रत्येक कप्प्याचा पत्ता आणि त्याचा अर्थ सांगणाऱ्या, यंत्रानेच काढलेल्या या लांबच लांब याद्या आहेत. पण प्रत्येक नव्या पिढीच्या चिपबरोबर नवी यादी येते आणि जुनी जात नाही, कारण जुनं कार्ड कुणाच्या तरी मशीनमध्ये अजून चालू असतं.

विंडोजवरचं माप डाउनलोडच्या आकाराने घेता येतं. आजचा एनव्हिडियाचा ड्रायव्हर काही शे मेगाबाइटचा असतो. एकेकाळी मदरबोर्डच्या खोक्यात एक सीडी यायची आणि सगळ्या मशीनचे ड्रायव्हर तिच्यावर मावायचे. ती सीडी हरवली की मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत फेरी ठरलेली. 'विंडोज टाकली, पण ड्रायव्हर बसत नाहीत' हे वाक्य आणि त्यासोबतचं डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं उद्गारचिन्ह एका अख्ख्या पिढीने पाहिलं आहे.

आकारापेक्षा मला थक्क करतो तो वेळ. यंत्राने हाक मारली की ड्रायव्हरने हातातलं काम टाकून तिला ओ द्यायची असते, आणि ओ देण्याच्या या पहिल्या टप्प्यात २५ मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ घालवू नये अशी मायक्रोसॉफ्टची सूचना आहे. मागे राहिलेलं काम नंतरच्या टप्प्यात उरकायचं, त्याला मुभा १०० मायक्रोसेकंदांची. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला २५ मायक्रोसेकंदांत ७५,००० ठोके मिळतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण हाकाही तितक्याच. साधा यूएसबी माउस हलत असताना सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, गेम खेळणाऱ्यांचा १,००० वेळा. १९२० बाय १०८०चा पडदा सेकंदाला साठ वेळा रंगवायचा म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके. डिस्कचं तर विचारू नका. जुन्या साटा जोडणीच्या एएचसीआय पद्धतीत डिस्कसाठी आज्ञांची एक रांग आणि तिच्यात ३२ आज्ञा, एवढीच सोय होती. २०११ साली आलेल्या एनव्हीएमई या पद्धतीने रांगा ६५,५३५ पर्यंत नेल्या आणि प्रत्येक रांगेत आज्ञा ६५,५३६ पर्यंत. ३२ कुठे आणि ४२९ कोटी कुठे! घरातल्या एसएसडीत एवढ्या रांगा नसतात, पण नियमावलीने दार तेवढं उघडं ठेवलं आहे.

इतक्या वेगात 'लाखात एखादी चूक' किंवा 'दहा लाखांत एखादी' ही भाषाच निकामी होते. सेकंदाला हजार वेळा जाग येणाऱ्या ड्रायव्हरमध्ये दहा लाखांत एकदा घडणारी चूक असेल, तर ती दर १६ मिनिटं ४० सेकंदांनी घडेल. आणि नवा ड्रायव्हर शंभर कोटी मशीनवर ९९.९९९ टक्के सुरळीत बसला, तरी १०,००० लोक हेल्पलाइनला फोन लावून बसलेले असतील.

ग्राफिक्सच्या बाबतीत विंडोजने एक सुटकेची वाट ठेवली आहे. कार्ड दोन सेकंद गप्प राहिलं की ते मेलं असं धरून विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. पडदा क्षणभर काळा होतो आणि परत येतो, तो याचमुळे. मिनिटभरात हे फार वेळा झालं तर मात्र निळा पडदा. बाकीच्या बहुतेक ड्रायव्हरांना ही दयासुद्धा नाही. ते कर्नलमध्ये, म्हणजे थेट मुदपाकखान्यात काम करतात. ब्राउझर कोसळला तर ब्राउझर बंद पडतो, ड्रायव्हरने नको त्या जागी हात घातला तर विंडोज सगळं यंत्र थांबवतं. तेच बरोबरही आहे. बिघडलेल्या कर्नलने डिस्कवर लिहीत राहण्यापेक्षा मशीन थांबलेलं बरं.

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात हेच सगळ्या जगासमोर घडलं. बिल गेट्स मंचावर, विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक सुरू, सहकाऱ्याने स्कॅनर जोडला. जोडताच विंडोज आपोआप ड्रायव्हर शोधून बसवतं हे दाखवायचं होतं. निळा पडदा आला. म्हणूनच आम्ही हे अजून विकायला काढलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्सने हशा घेतला.

पुढे संशोधकांनी हे मोजलंही. लिनक्सचा कोड तपासणाऱ्या २००१ सालच्या एका अभ्यासात ड्रायव्हरांमधलं चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्विफ्ट, बर्शॅड आणि लेव्ही यांनी आपल्या शोधनिबंधात विंडोज एक्सपीचा आकडा दिला: नोंद झालेल्या कोसळण्यांपैकी ८५ टक्क्यांना ड्रायव्हर कारणीभूत. त्या वेळी एक्सपीसाठी ३५,००० वेगवेगळे ड्रायव्हर होते, आणि त्यांच्या आवृत्त्या १,२०,०००. मग २००७ मध्ये विस्टा आलं, ग्राफिक्स ड्रायव्हरांचा सांगाडाच बदलला, आणि जुने ड्रायव्हर लिहिण्यात मुरलेल्या कंपन्या पुन्हा पहिलीच्या वर्गात बसल्या. मायक्रोसॉफ्टवर झालेल्या एका खटल्यात कंपनीचे अंतर्गत ईमेल बाहेर आले तेव्हा कळलं, की विस्टाच्या नोंदवलेल्या कोसळण्यांत एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांचा वाटा २८.८ टक्के होता. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा १७.९. शिव्या मात्र जवळपास सगळ्या विस्टाने खाल्ल्या.

एवढं सगळं असूनही सगळ्यात मोठा झटका ज्या ड्रायव्हरने दिला, त्याच्यापुढे यंत्रभाग नावाची गोष्टच नव्हती. क्राउडस्ट्राइकचं सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसतं, कारण सगळ्यांवर नजर ठेवायची तर सगळ्यांच्या आधी आत शिरावं लागतं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने २९१ क्रमांकाची एक माहितीची फाइल जगभर पाठवली. ड्रायव्हर नवा नव्हता, फक्त त्याला मिळणारा खुराक नवा होता. १०.५७ ला फाइल मागे घेतली. मधे गेली ७८ मिनिटं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तेवढ्यात ८५ लाख मशीन पडली, मिनिटाला एक लाखाहून जास्त.

आणि कारण? तपासणीच्या साच्यात रकाने २१ ठरवले होते, ड्रायव्हरमधला कोड मूल्यं पुरवत होता २०. ही विसंगती फेब्रुवारीपासून तिथे होती. आतापर्यंतच्या फायलींत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण असायची, त्यामुळे तिथे डोकावायची वेळच आली नव्हती. त्या शुक्रवारच्या फायलीने पहिल्यांदा एकविसाव्या रकान्यातलं मूल्य मागितलं. ड्रायव्हर विसांच्या यादीपलीकडे वाचायला गेला आणि विंडोजने गाडी जागेवर थांबवली. बरं, हा ड्रायव्हर मशीन चालू होतानाच आत येणारा. त्यामुळे रीस्टार्ट, निळा पडदा, पुन्हा रीस्टार्ट.

भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले. अमेरिकेत एकट्या डेल्टा कंपनीची पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली. जगातल्या विंडोज मशीनच्या तुलनेत ८५ लाख म्हणजे एक टक्काही नाही, असं मायक्रोसॉफ्टने निदर्शनाला आणलं. खरंच आहे. फक्त तो एक टक्का घरातल्या पसाऱ्यात नव्हता, तिकीट खिडकीत आणि दवाखान्यात होता.

दुरुस्तीचा हिशोब बिघाडापेक्षा अंगावर येणारा आहे. फाइल पाठवायला ७८ मिनिटं पुरली, पण पडलेलं मशीन नेटवर्कवर येत नव्हतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी माणसाला समोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने पुसावी लागली. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टाकायची, एकही अंक न चुकता. मायक्रोसॉफ्टने क्लाउडवरच्या मशीनसाठी आणखी एक तोडगा सांगितला: पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करत राहा, काहींना पंधरा वेळाही करावं लागलंय. समजा, मशीनमागे सरासरी पंधरा मिनिटं गेली. ८५ लाख मशीनची बेरीज होते २१ लाख २५ हजार तास. एकाच माणसाने न थांबता केलं तर २४२ वर्षं. त्या ७८ मिनिटांची ही फेड.

सगळ्यांना एकदम न पाठवता आधी थोड्यांना, मग आणखी थोड्यांना पाठवावं हा धडा ड्रायव्हरच्या बाबतीत जुनाच होता. विंडोज अपडेटमधून येणारे ड्रायव्हर असेच टप्प्याटप्प्याने सुटतात आणि सुरुवातीच्या मशीनवर निळे पडदे दिसू लागले तर पुढची पाठवणी थांबते. क्राउडस्ट्राइकची फाइल 'माहिती' या नावाखाली गेली, म्हणून तशा चाळणीतून तिला जावं लागलं नाही.

मग सामान्य माणसाने ड्रायव्हर अपडेट करावे की नाही? दुरुस्तीवाल्यांचा नियम असतो: चाललंय ना नीट, मग हात लावू नको. मी बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूचा आहे. ग्राफिक्सचे ड्रायव्हर नव्या गेमसाठी किंवा व्हिडिओच्या कामासाठी नवे असावेत. वायफाय सारखं तुटत असेल तर उत्पादकाच्या साइटवरून नवा घ्यावा. आवाज येतोय, टचपॅड चालतोय, तिथे नुसत्या हौसेने नवी आवृत्ती टाकण्यात ९७ लाख संचांमधून आणखी एक न तपासलेला संच निवडण्यापलीकडे काही साधत नाही. नवा घोटाळा करू लागला तर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण आहे, विंडोज मागची आवृत्ती जपून ठेवतं. अपवाद सुरक्षेचा. तिथे जुनं ते सोनं म्हणून भागत नाही.

त्याचं उदाहरण ताजं आहे. आगेर नावाच्या कंपनीच्या डायल-अप मोडेमचा एक ड्रायव्हर मायक्रोसॉफ्ट वर्षानुवर्षं विंडोजबरोबर देत होती. मोडेम असो नसो, फाइल डिस्कवर असायची. त्या ड्रायव्हरमध्ये एक भोक सापडलं, चोर त्याचा वापरही करू लागले होते, आणि त्यासाठी मशीनमध्ये मोडेम असण्याची गरजच नव्हती. म्हणजे तार काढून टाकून जमाना झाला त्या यंत्राच्या ड्रायव्हरमुळे कोट्यवधी कॉम्प्युटरांचं दार किलकिलं राहिलं होतं. मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर दुरुस्त केला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये, ज्या दिवशी विंडोज १० ला मिळणारी मोफत साथही संपली त्याच दिवशी, ती फाइलच विंडोजमधून काढून टाकली. ज्या थोड्या मशीनमध्ये तो मोडेम खरोखरच लावलेला होता, त्यांचा फॅक्स या अपडेटनंतर बंद पडला.